बिअरचा पैसा आणि वस्तीचा हक्क

दान घ्यावे की नाकारावे, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. नवे आहे ते दानाचे रूप. पूर्वी दान वह्या, जुने कपडे आणि खिचडीच्या पातेल्यातून वस्तीत यायचे. आता ते बिअरच्या पेल्यातून येते.

पुण्यात २००९ साली डुलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर या शहरात क्राफ्ट बिअर हा सुशिक्षित मध्यमवर्गाचा शौक झाला. गेल्या महिन्यात आमच्या वस्तीला लागून असलेल्या एका गृहसंकुलाच्या क्लबहाऊसमध्ये ‘क्राफ्ट बिअर टेस्टिंग’ ठेवले होते. तिकिटाचा नफा आमच्या बुद्धविहाराच्या माडीवर चालणाऱ्या अभ्यासिकेला मिळणार होता, म्हणून आम्हा दोघांना बोलावणे आले. आम्ही गेलो.

जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगतो. कोणी आमचा अपमान केला नाही. लाकडी फळीवर चार-चार छोटे पेले ठेवले होते. बिअर बनवणारा तरुण समजावून सांगत होता, की सातूला मोड आणून तो कसा भाजतात, हॉप्समुळे कडवटपणा कसा येतो, काळ्या स्टाऊटला कॉफीसारखा वास का येतो. लोक मन लावून ऐकत होते. आम्ही लिंबू सरबत घेतले, त्यावरही कोणी भुवया उंचावल्या नाहीत.

तिसऱ्या आणि चौथ्या पेल्याच्या मधे आम्हाला पाच मिनिटे दिली गेली. मागे पडद्यावर आमच्या मुलांचे फोटो होते आणि खाली ‘वंचित मुले’ असे लिहिले होते. त्या मुलांपैकी कोणालाही बोलावले नव्हते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी ही मुले चोवीस-पंचवीस वर्षांची आहेत, पदवीधर आहेत. स्वतःबद्दल बोलता येईल एवढे शिक्षण त्यांनी नक्कीच घेतले आहे. शेवटी जाहीर झाले की जमलेला पैसा संकुलाची समिती खर्च करील. कोणती पुस्तके, किती खुर्च्या, हे समितीच ठरवील. टाळ्या वाजल्या.

वस्तीत परतल्यावर वाद झाला. काही तरुण म्हणाले, “पंचशीलात सुरामेरयाचा त्याग आहे, बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग विहाराच्या माडीवर दारूचा पैसा कसा चालेल?” शील पाळलेच पाहिजे, यात आमचे दुमत नाही. पण शील हे आपल्या आचरणासाठी आहे. दुसऱ्याच्या पैशाला विटाळ लावण्यासाठी ते नाही. ज्या समाजाने शतकानुशतके विटाळ भोगला, त्याने नोटेला विटाळ मानू नये. तसे मानायचे तर सरकारी शिष्यवृत्तीही नाकारावी लागेल, कारण राज्याच्या तिजोरीत दारूचे उत्पादन शुल्क जातेच.

दुसरा आक्षेप एका माउलीने घेतला आणि तो जड होता. तिचा नवरा दारूने गेला. ती म्हणाली, “आमच्या मागच्या गल्लीत भट्टीवर पोलीस येतात, पोरं पळतात. तिकडे परवाना काढून पितात आणि त्याला चव घेणं म्हणतात. आमच्या घरातली राख कोणी बघायला येतं का?”

तिचा प्रश्न टाळता येत नाही. दाणा किंवा गूळ आंबवण्याचे ज्ञान दोन्हीकडे आहे. फरक भांडवलाचा, परवान्याचा आणि जातीचा आहे. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य गाळण्यावर पकड बसवली, १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. ज्या जमातींवर आधीच १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्या झोपड्यांवर धाडी पडत राहिल्या. म्हणून हातभट्टीचे गोडवे गायचे का? मुळीच नाही. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मेलेले कोण होते, हे सांगण्याची गरज नाही. आमचे म्हणणे एवढेच, की श्रीमंताच्या पेल्याला ‘कला’ आणि गरिबाच्या पेल्याला ‘व्यसन’ म्हणणारी नजर ज्या समितीची आहे, ती समिती आमच्या मुलांची पुस्तके निवडणार असेल तर तिला प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आता मूळ मुद्दा. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये परदेशी जाताना बोटीवरून ठक्कर बाप्पांना पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणासाठी निघालेल्या, पुढे हरिजन सेवक संघ झालेल्या संस्थेने काय करावे, हे त्यात आहे. ते सांगतात, की कामाचे दोन मार्ग आहेत. एक व्यक्तीचे सद्गुण वाढवण्याचा, म्हणजे दारूमुक्ती, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा. दुसरा ज्या परिस्थितीत ती व्यक्ती जगते ती परिस्थिती बदलण्याचा, म्हणजे पाणवठे, शाळाप्रवेश, रोजगार यांचे हक्क मिळवण्याचा. त्यांनी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. शिवाय सवर्णांनी अस्पृश्यांना आपल्या घरात पाहुणा म्हणून घ्यावे आणि काम करणारे कार्यकर्ते अस्पृश्यांमधलेच असावेत, असेही सुचवले. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागाच उरली नाही, तेव्हा १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याला राजकीय दानधर्म म्हटले. क्लबहाऊसमधली संध्याकाळ या कसोटीवर घासून पाहा. वाचनालय आहे, सद्भावना आहे. पाहुणे म्हणून बसलेली आमची मुले नाहीत आणि निर्णय घेणारे आमचे लोक नाहीत.

त्याहूनही कमी सांगितली जाणारी गोष्ट १९५१ ची आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदीला विरोध होता. बंदीमुळे दारू घराघरात गाळली जाऊ लागली आणि सरकारचा महसूल बुडाला, असा रोखठोक युक्तिवाद त्यात होता. स्वतः दारूला न शिवणाऱ्या नेत्याचा पक्ष हे म्हणत होता. म्हणजे दारूचा पैसा बाबासाहेबांना वर्ज्य नव्हता. पण तो तिजोरीत यावा, ही त्यांची भूमिका होती. तिजोरीतून आलेला पैसा हक्काने मागता येतो. पेल्यातून आलेला पैसा देणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. पुढच्या वर्षी त्याला कुत्र्यांचा निवारा आवडला, तर अभ्यासिकेचे वीजबिल कोण भरणार?

संविधानात कलम ४६ आणि ४७ शेजारी-शेजारी आहेत. ४६ दुर्बल घटकांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकते, ४७ दारूबंदीचे बोलते. राज्यकर्त्यांना व्यासपीठावर ४७ आठवते आणि अंदाजपत्रक मांडताना ४६ विसरते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणत त्यांनी एकट्याने विरोध केला. त्याच वर्षी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला लिहिले. शिक्षणाचा पैसा त्यांनी श्रीमंतांच्या मेजवानीत मागितला नाही, सभागृहात मागितला. त्याच पुण्यात आज आमच्या अभ्यासिकेने क्लबहाऊसमध्ये हात पसरावा?

विहारातल्या बैठकीत बराच खल झाला. शेवटी जे ठरले ते आम्ही संकुलाला लेखी कळवले आहे. पैसा घेऊ, पण तीन अटींवर. पहिली, तो अभ्यासिकेच्या मुलांच्या आणि वस्तीतल्या महिलांच्या समितीकडे जाईल. खर्च तेच ठरवतील आणि हिशेब विहाराच्या फलकावर लागेल. दुसरी, आमच्या मुलांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही वापरले जाणार नाहीत. तिसरी, महापालिकेने ही अभ्यासिका स्वतः चालवावी, या मागणीच्या निवेदनावर संकुलाचे रहिवासी आमच्यासोबत सह्या करतील. तिसऱ्या अटीवर त्या माउलीने आणखी एक भर घातली: मागच्या गल्लीतली भट्टी बंद व्हावी, या तिच्या अर्जावरही त्याच सह्या असाव्यात.

काही मित्र म्हणतात, एवढ्या अटी घातल्या तर पैसा जाईल. जाऊ दे. फोटो पाहून हळहळणारा माणूस सही करायला कचरत असेल, तर त्याची हळहळ कोणासाठी होती, हे तरी कळेल. आणि सही करणारे पाच जण जरी भेटले, तरी ते त्या संध्याकाळच्या साऱ्या नफ्याहून मोठे आहेत. कारण त्यांनी दान दिलेले नसेल, बाजू घेतलेली असेल.

उत्तर अजून आलेले नाही. महापालिकेचे निवेदन मात्र तयार आहे. येत्या सोमवारी ते घेऊन आम्ही जाणार आहोत, संकुलाच्या सह्या असोत वा नसोत.

जयभीम!