गुंड्याभाऊंच्या निमित्ताने

संपादक महाशय यांस,

गतांकात कै. बाळ कर्वे यांच्याविषयी एका वाचकांनी जे पत्र लिहिले आहे, त्यात ‘एकाच भूमिकेवर जगलेला नट’ असा जो शेरा मारला आहे, तो मला सर्वथैव अन्यायाचा वाटतो. सबब हा खुलासा.

चिं. वि. जोशी यांचा गुंड्याभाऊ 1940 साली ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात विष्णुपंत जोगांनी साकारला होता, तेव्हा मुंबई दूरदर्शनच्या कृष्णधवल पडद्यावर कर्व्यांनी तो पुन्हा उभा करणे म्हणजे वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या मनात आधीच ठाण मांडून बसलेल्या मूर्तीशी सामना करणे होते. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव घाबऱ्या, चिरक्या स्वरात बोलत सुटे, तेव्हा कर्व्यांच्या वाट्याला बहुधा ऐकण्याचेच काम येई. आणि ते ऐकणे, त्या भरघोस मिशांखालचे घट्ट मिटलेले ओठ आणि क्षणार्धात वटारलेले डोळे, यांवरच त्या विनोदाचा निम्मा डोलारा तोललेला असे. दुसऱ्याच्या वाक्याला उठाव देण्यासाठी स्वतः मागे राहणे हे दुय्यमत्व नव्हे.

शिवाय महानगरपालिकेची नोकरी सांभाळून या गृहस्थांनी रंगभूमीची सेवा केली, विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली कामे केली, ‘जैत रे जैत’सारख्या चित्रपटातही ते दिसले, याची पत्रलेखकांनी दखलही घेऊ नये, याचा मनस्वी खेद होतो. ऑगस्ट 2025 मध्ये वयाच्या 95व्या वर्षी ते निवर्तले. हा मजकूर पुढील अंकी छापावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक