गर्डर चढला, बातमी झाली. पण पूल ‘एक’ कधी होतो?

१० जुलै २०२५ ला मुंबईचा कर्नाक पूल ‘सिंदूर पूल’ या नावाने सुरू झाला. त्याआधी बातम्या कशाच्या होत्या? प्रत्येकी साधारण ५५० टनांचे स्टीलचे गर्डर, रात्रीचा रेल्वे ब्लॉक आणि उद्घाटनाची तारीख. सायन आणि प्रभादेवीचे नवे पूल उभे राहतील तेव्हाही हेच होणार. पण स्टीलच्या गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब टाकून जे पूल बनतात, त्यांच्यातली कळीची गोष्ट या बातम्यांत येतच नाही. तिचं नाव शिअर कनेक्टर.

आधी एक प्रयोग करून बघा. दोन सारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवा, टोकांना आधार द्या आणि मधे दाबा. त्या वाकतात आणि एकमेकींवरून थोड्या सरकतात. आता त्याच पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवा, नीट सुकू द्या आणि तेवढंच वजन ठेवा. वाक जवळपास एक चतुर्थांश होईल! लाकूड तेच, फक्त सरकणं थांबलं.

पुलातही हाच हिशोब आहे. ट्रक आला की पूल मधे किंचित वाकतो. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब छान झेलतं, स्टील ताण झेलतं. दोघं एकजीव असतील तर कमी उंचीच्या गर्डरमध्ये काम भागतं. खाली रेल्वेच्या विजेच्या तारा असताना हा मोठाच फायदा.

त्यांना एकजीव करतात ते स्टड. बोल्टसारखे दिसणारे, बहुतेक वेळा १९ किंवा २२ मिलिमीटर जाडीचे. ते गर्डरच्या वरच्या पृष्ठभागावर ओळीने वेल्ड करतात आणि त्यांच्यावर काँक्रीट ओततात. दांडा स्लॅबला सरकू देत नाही, वरचं डोकं त्याला उचलू देत नाही. आधाराजवळ सरकण्याचा जोर जास्त, म्हणून तिथे स्टड सहसा दाट असतात.

वेल्ड पक्का आहे का, हे कसं कळतं? हातोड्याने! अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या नियमांनुसार काम सुरू करताना नमुन्याचे स्टड ३० अंशांपर्यंत वाकवतात. नंतर ज्याच्या वेल्डबद्दल शंका येईल तो १५ अंश वाकवतात. तडा गेला नाही तर वाकडाच राहू देतात, चालतो.

पण ही तपासणी काँक्रीट ओतायच्या आधीच होऊ शकते. नंतर सगळं गाडलं जातं. वेल्ड कच्चे राहिले तर पूल लगेच पडेल असं नाही. पण स्लॅब सरकू लागतो, गर्डरवरचा ताण वाढतो, भेगा पडतात आणि आयुष्य घटतं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही दोन मॉड्यूल वेगवेगळे पास होतात आणि जोडल्यावर माती खातात. पण आम्ही रात्रीत पॅच टाकतो. स्लॅबखालच्या वेल्डला पॅच नाही.

म्हणून ‘पूल कधी उघडणार?’ हा एकच प्रश्न पुरेसा नाही. तारखेची घाई झाली की सगळ्यात आधी कात्री लागू शकते ती न दिसणाऱ्या कामाला. स्लॅब ओतण्याआधी स्टड कोणी तपासले आणि त्याची नोंद कुठे आहे, हेही विचारा. सरकारी पूल आहे, माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.