स्मारकाजवळ गाडी थांबवा

"बाई, नवी मुंबईला इतिहास नसतोच ना? नावातच 'नवी' आहे!" चौथीच्या वर्गात एकाने हे विचारलं आणि सगळी मुलं हसली. मीही हसले. पण खरं सांगू का, त्या लेकराची काही चूक नव्हती. त्याचा पत्ता म्हणजे सेक्टर, प्लॉट आणि बिल्डिंगचा नंबर. रस्त्यावरची पाटी त्याला सेक्टरचा आकडा सांगते, स्टेशनकडे बाण दाखवते. इथे आधी कोण राहत होतं, हे कुठलीच पाटी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर फक्त नावं लिहिली. वाशी, तुर्भे, नेरूळ, घणसोली, ऐरोली. ही सगळी गावं. जुईनगरच्या पोटातही जुई गाव आहे. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. इथे भातशेती होती, मिठागरं होती, खाडीची मासळी होती. मी हे सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "शाळा आहे ना, तिथे आमच्या आजोबांचं शेत होतं." वर्ग एकदम गप्प. निम्म्या मुलांचे आईवडील साताऱ्याहून, बीडहून, उत्तर प्रदेशातून आलेले. रोज डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणीची ही गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळत होती.

आता माझी स्वतःची कबुली. उरणकडे सहल नेताना वाटेत जासईचं हुतात्मा स्मारक लागतं. कितीतरी वर्षं आमची बस तिथून न थांबता गेली. मुलांना बीचची घाई, आम्हाला वेळेची. गेल्या वर्षी मात्र मी गाडी थांबवायला लावली.

जानेवारी 1984. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. 16 आणि 17 जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमलाकर तांडेल, महादेव पाटील, केशव पाटील. मुलांना ही नावं मी मोठ्याने म्हणायला लावली. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्यांना मिळाला, त्यामागे हा लढा आहे. इथल्या कितीतरी घरांत 'साडेबारा टक्के' हा शब्द रोज बोलला जातो, पण तो आला कुठून, हे त्याच घरातल्या मुलांना माहीत नसतं.

तेवढ्यात एकाने विचारलं, "पण तेव्हा इंग्रज नव्हते ना बाई? मग आपल्याच पोलिसांनी का मारलं?" त्याला चिरनेर ठाऊक होतं. 25 सप्टेंबर 1930 चा जंगल सत्याग्रह आणि तिथला गोळीबार मीच वर्गात सांगितला होता. तेव्हा राज्य परक्यांचं होतं, सांगायला सोपं होतं. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. डीएडला पाठ टाचण लिहायला शिकवतात, याचं टाचण कुठून आणायचं? मी एवढंच म्हटलं, "आपलं सरकारसुद्धा चुकतं, आणि ते चुकलं हे लोकांनी सांगावं लागतं."

सहलीनंतर एका पालकांचा फोन आला. "मॅडम, एवढ्या लहान मुलांना गोळीबार वगैरे कशाला?" त्यांची काळजी मला कळते. पण चौथीच्याच वर्गात आपण अफजलखानाचा कोथळा हातवारे करून शिकवतो की! तेव्हा कुणाचा फोन येत नाही. जुना मृत्यू चालतो, शेजाऱ्याच्या आजोबांच्या ओळखीतला चालत नाही, असं का?

माझं म्हणणं साधं आहे. चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे आहेत, सुंदरही आहेत. त्यांच्याशेजारी चार ओळींची एक पाटी असायला काय हरकत आहे? महापालिका मुख्यालयाच्या जवळच बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि 1817 मध्ये इंग्रज, एवढ्यांनी तो पाहिला. पण पाटीवर नुसती राजांची यादी नको, बरं का. त्या काळी खाडीत जाळं टाकणारे कोण होते, तेही लिहा. इतिहास म्हणजे कुणीतरी काहीतरी जिंकलं, एवढंच मुलांच्या डोक्यात बसतं ते अशा याद्यांमुळेच.

पाट्या लागतील तेव्हा लागतील. आम्ही वर्गात पुठ्ठ्याच्या केल्या. घरी विचारायचं, दोनच ओळी लिहायच्या. ज्यांचं गाव इथलं नाही, त्यांनी आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनला किंवा भाजीवाल्या मावशींना विचारलं. त्या मागच्या बाकावरच्या मुलीने लिहिलं, "इथे माझ्या आजोबांचं भाताचं शेत होतं. आता इथे आम्ही शिकतो." शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, मी एकच सुधारली. ती पाटी सध्या शाळेच्या फाटकाला सुतळीने बांधली आहे. पावसात पुठ्ठा टिकणार नाही, म्हणून पत्र्यावर रंगवून घ्यायची आहे. कुणा पालकांकडे पत्र्याचा तुकडा आणि थोडा ऑइलपेंट असेल तर शाळेत आणून द्या.