झाडाचं औषध पांढुर्ण्यातच मिळू द्या

प्रति,
मा. कलेक्टर, पांढुर्णा जिल्हा
मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी, पांढुर्णा
लोक स्वास्थ्य एवं चिकित्सा शिक्षा विभाग आणि आयुष विभाग, मध्य प्रदेश शासन



स्तनात गाठ हाताला लागली तरी आमच्या भागातली बाई लगेच दवाखान्यात जात नाही, कारण ती गाठ बहुधा दुखत नसते. ‘दुखत नाही न, मंग कायले दाखवाचं?’ हे वाक्य पांढुर्णा-सौंसरच्या कोणत्याही गावात ऐकायला मिळेल. पुढे गाठ वाढली की घरातलं कुणीतरी जडीबुटीचा पत्ता काढतं. तामियाकडे पातालकोट आहे; तिथल्या भारिया आदिवासींच्या भुमकांच्या, म्हणजे झाडपाला देणाऱ्या जाणत्यांच्या, वनौषधींवर सगळ्या छिंदवाड्याचा विश्वास आहे. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात कॅन्सरवर जडीबुटी मिळते म्हणून महाराष्ट्रातूनही लोक येतात. शिवाय मोबाइलवर हळद, कडुलिंब आणि सीताफळाच्या पानांचे व्हिडिओ आहेतच. यात महिने निघून जातात. कातडी ओढली जाते, काखेत दुसरी गाठ येते, आणि मग नागपूरची गाडी धरली जाते.

झाडांवरचा हा विश्वास मला खुळा वाटत नाही. स्तनाच्या कॅन्सरवरची काही उत्तम औषधं झाडांतूनच आली आहेत. माझं गाऱ्हाणं एवढंच की, झाडातून आलेलं आणि कसाला उतरलेलं औषध आमच्या बायकांना फार उशिरा आणि फार दूर जाऊन मिळतं.

आमच्यासारख्याच मध्य प्रदेशाच्या सीमेला लागलेल्या नंदुरबारात 1925 साली मनसुख वाणी जन्मले. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल यांच्याबरोबर झाडपाल्यातली रसायनं वेगळी करू लागले. 1962 मध्ये तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलातून ‘पॅसिफिक यू’ या झाडाची साल गोळा झाली होती. तिच्यात कॅन्सरच्या पेशी मारणारं काहीतरी आहे, हे कळलं. ते नेमकं काय, हे वॉल आणि वाणींनी 1971 मध्ये जगापुढे मांडलं. तेच टॅक्सॉल, आजचं पॅक्लिटॅक्सेल. ते पेशीला दुभागू देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी 1979 मध्ये दाखवलं. स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1994 मध्ये. साल सोलल्यापासून या मान्यतेपर्यंत बत्तीस वर्षं गेली. एक किलो औषधासाठी सुमारे दहा हजार किलो साल लागायची; पुढे यूच्या जातीतल्याच झाडांच्या पानांतून अर्धं रसायन घेऊन उरलेलं प्रयोगशाळेत घडवण्याची युक्ती सापडली, म्हणून जंगलं वाचली.

वाणी आणि वॉल यांनीच चीनमधल्या एका झाडातून 1966 मध्ये कॅम्प्टोथेसिन काढलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते असतं. मूळ रूपात ते फार विषारी ठरलं आणि मागे पडलं. आज त्याचीच सुधारलेली रूपं प्रतिपिंडाला जोडून थेट गाठीकडे पाठवली जातात. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन आणि सॅसिटुझुमॅब गोविटेकॅन ही स्तनाच्या कॅन्सरवरची नवी, महागडी औषधं अशीच बनली आहेत.

सदाफुली तर आमच्या दारादारात आहे. तिच्यातून 1958 मध्ये विनब्लास्टिन मिळालं. पुढे त्याच घराण्यातलं विनोरेलबिन आलं, ते पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरतात. पण म्हणून सदाफुलीची पानं चावून गाठ जात नाही. त्या पानात किती औषध आहे आणि किती विष, हे चावणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आता संत्र्याचं बघा, कारण ते आमचं पीक आहे. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन असतं. उंदरांच्या स्तनातल्या गाठी त्याने कमी झाल्या, तेव्हा संशोधकांना मोठी आशा वाटली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅरिझोनातल्या अभ्यासात 43 बायकांना शस्त्रक्रियेआधी काही आठवडे रोज 2 ग्रॅम लिमोनीन दिलं. ते स्तनाच्या ऊतीत साठलं आणि पेशीवाढीशी जोडलेलं एक प्रथिन कमी झालं. मात्र त्याच घराण्यातलं पेरिलिल अल्कोहोल पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना दिलं, तेव्हा एकीचीही गाठ आटली नाही. हळदीतल्या करक्युमिनचं असंच आहे. काचेच्या बशीतल्या पेशी ते मारतं, पण पोटातून रक्तात ते जेमतेम पोचतं. बशीतून बाईपर्यंतचा रस्ता बहुतेक वनस्पतींना पार करता आलेला नाही. पॅक्लिटॅक्सेलने तो पार केला. चूर्ण विकणारा माणूस हा फरक सांगत नाही. तो सांगणं तुमचं काम आहे.

नुसत्या पर्यायी उपचारांवर विसंबण्याची किंमतही मोजली गेली आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की, बऱ्या होण्याजोग्या टप्प्यावरच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांनी प्रचलित उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त होता. भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा कॅन्सर झाल्याचा आणि सुमारे 98 हजार जणी त्याने गेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे.

म्हणून काही मागण्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी हाताने होणाऱ्या तपासणीची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष आले: गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी मॅमोग्राफीचं यंत्र लागलं नाही. तिशीपुढच्या प्रत्येकीच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे आहे, आशाताई फॉर्मही भरतात. पण फॉर्म भरणं म्हणजे तपासणी झाली, असं नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरात आडोसा हवा, हात बसलेली एएनएम (परिचारिका) किंवा सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) हवी, आणि गाठ लागली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी व सुईची तपासणी व्हायला हवी. ही माहिती मराठीत द्या. आमच्या आया-आज्या घरात मराठी बोलतात. हिंदी पत्रक त्या घडी करून ठेवून देतात.

दुसरी मागणी किमोची. पॅक्लिटॅक्सेल पुष्कळदा दर आठवड्याला, असे बारा आठवडे देतात. म्हणजे पांढुर्ण्याहून शंभर किलोमीटरवरच्या नागपूरला बारा खेपा, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडालेली. कित्येक जणी उपचार मध्येच सोडतात. हे औषध राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत आहे. केंद्राने 2025-26 च्या अंदाजपत्रकात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रं करू असं सांगितलं आहे, आणि आपल्या राज्याने तर दहा-बारा वर्षांपूर्वीच जिल्ह्यातल्या डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण देऊन किमो जिल्हा रुग्णालयांत आणण्याची वाट पाडली. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणून तो या यादीत शेवटी राहू नये. पहिला डोस नागपूरला, पुढचे इथे, अशी सांगड घाला. रिअ‍ॅक्शन ओळखणारी नर्स, त्याच दिवशी मिळणारा रक्ताचा रिपोर्ट आणि नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर जोडणी, एवढं लागतं.

तोवर ज्यांना नागपूर गाठावंच लागतं, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात एक माणूस नेमा. आयुष्मान कार्ड राज्याच्या सीमेपलीकडेही चालतं; ते कुठल्या रुग्णालयात, कोणत्या कागदांवर, हे त्याने निघण्याआधी सांगावं. काउंटरवर उभं राहिल्यावर कळून उपयोग नाही.

आयुष विभागाला वेगळी विनंती आहे. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 चा कायदा बंदी घालतो, तो वापरा. 2025 मध्ये छिंदवाड्याच्या परासिया भागात खोकल्याच्या विषारी सिरपने वीसहून अधिक लेकरं गेली. त्यानंतर तरी कॅन्सरच्या नावाने विकली जाणारी चूर्णं तपासल्यावाचून सोडू नका. पण भुमका आणि वैद्य यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. लोक त्यांचं ऐकतात. स्तनात गाठ असलेली बाई आली, तर तिला चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात धाडा, एवढं त्यांना सन्मानाने शिकवा. किमो चालू असताना काढा घेत असशील तर डॉक्टरांना सांग, हे तिला बजावायलाही. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतातून होतो, आणि अनोळखी काढ्याचा भारही त्याच यकृतावर पडतो. पातालकोटच्या वनस्पतींत उद्याचं एखादं औषध असेलही. ते शोधायचं तर रीतसर शोधा, आणि त्याचा वाटा भारियांना मिळू द्या.

स्तन तपासणीची पहिली फेरी संत्र्याच्या तोडणीआधी सुरू करा, कारण तोडणी लागली की बायांना दिवस मोकळा मिळत नाही. डे-केअरची तारीख जाहीर करा आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहा.

आपली,
पांढुर्णा जिल्ह्यातील एक रहिवासी