पहिली रांग कोणाची?

समुद्राकाठी घर बांधणाऱ्याच्या मनात बागेचे चित्र घराच्या आधीच तयार झालेले असते. समोर मऊ हिरवळ, कडेने गुलाब, कोपऱ्यात एखादे आंब्याचे कलम आणि सभोवती विटांचे पक्के कुंपण. वसई तालुक्यात राजोडीच्या वाळूवर हे चित्र फार दिवस टिकत नाही. एका पावसाळ्यात रोपे वाऱ्याने मुळापासून हलतात, पुढल्या चैत्र-वैशाखात समुद्राकडच्या फांद्यांची टोके करपतात आणि मग मालक रोपवाटिकेला दोष देऊ लागतो. वस्तुतः रोप निकृष्ट नसते, निवडीचा क्रमच उलटा झालेला असतो.

या पट्ट्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वाळू ते पाणी धरून ठेवीत नाही आणि त्याबरोबर खतही खाली वाहून जाते. उरलेले आठ महिने झाड उन्हाच्या आणि दुपारी सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्याच्या तावडीत असते. पानावर बसलेले क्षार पानातले पाणी शोषून घेतात. किनाऱ्यावरची झाडे जमिनीकडे कललेली दिसतात याचेही कारण हेच. समुद्राच्या अंगाचा कोवळा फुटवा दरवर्षी जळून जातो आणि वाढ एका बाजूलाच होत राहते.

असे असूनही वसई प्रसिद्ध आहे ती वाड्यांसाठी. केळी, नागवेलीची पाने, सोनचाफा, मोगरा, कागडा आणि आगाशीची सुकेळी ही या परिसराचीच देणगी. हा चमत्कार मातीचा नव्हता. वाडी वाळूच्या उंचवट्याच्या आणि झाडांच्या आडोशाला असे. नारळाच्या सावलीत केळ, केळीच्या आधाराने पानवेल अशी तिची मांडणी होती. शेणखत, पालापाचोळा आणि मासळीची कुटी घालून पिढ्यान्‌पिढ्या वाळूची माती केली गेली. पाण्यासाठी विहीर आणि बावखल. पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारी ही तळी राहाटाच्या काळी वाडीचा प्राण होती. पुढे त्यांतली कित्येक बुजवली गेली. अशा वाडीत कोणते फुलझाड लावावे हा प्रश्न सर्वांत शेवटी येई. आजचा बागवाला त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

पहिला प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि तो एकट्या मालकाला सुटत नाही. सहा मीटर उंचीच्या झाडांची रांग आपल्या मागे सुमारे साठ मीटरपर्यंत वाऱ्याचा जोर लक्षणीय कमी करते. भूखंड वीस मीटर खोल असेल, तर तिच्या छायेचा एक हिस्सा लावणाऱ्याला आणि दोन हिस्से मागच्या दोन शेजाऱ्यांना मिळतात. खर्च एकाचा आणि लाभ तिघांचा! अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात, आणि जेथे तो मोठा असतो तेथे प्रत्येक जण दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबून राहतो, हा नित्याचा अनुभव आहे. म्हणून प्रत्येक जण भिंत बांधतो. भिंत मात्र वारा अडवीत नाही. वारा तिच्यावरून उसळून पलीकडे काही पावलांवर भोवरे करीत खाली येतो आणि नेमका फुलांच्या वाफ्यात उतरतो. निम्मा वारा झिरपू देणारे झाडांचे कुंपण त्याचा वेग खरोखर मंदावते.

किनाऱ्यावरची पहिली रांग सरकारने लावली नाही असे नाही. सुरूची बने ही त्याचीच साक्ष. सुरू हे मूळचे आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडचे झाड. 1868 साली कारवारजवळ जळणासाठी त्याची लागवड झाली आणि तेथून ते पश्चिम किनाऱ्यावर रुळले. ते झपाट्याने वाढते, खारा वारा सोसते, मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्मजीवांमुळे हवेतला नत्र मिळवते. त्याला सरसकट परके ठरवून निकालात काढणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्या सुयांच्या थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही आणि तोडल्यावर ते नीट फुटत नाही. लाटांनी किंवा वाळूउपशाने पायथा उघडा पडला, की रांगच्या रांग आडवी होते. एकाच जातीवर सारी भिस्त ठेवण्याची किंमत वसईच्या किनाऱ्याने मोजलेली आहे.

सुरूच्या पुढे आणि मागे काय असावे, हे कोकणच्या जुन्या किनाऱ्यांवर पाहावयास मिळते. अगदी पुढे वाळूवर पसरणारी मर्यादावेल. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून ते नाव पडले असावे. ती वाळू धरते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. तिच्या मागे केवडा आणि निर्गुडी, त्यांच्या मागे भेंड, करंज आणि उंडी. उंडीच्या तेलावर कोकणात दिवे जळत आणि तिचे लाकूड होड्यांना चाले, म्हणजे हे झाड केवळ शोभेचे कधीच नव्हते. ते सावकाश वाढते, ही त्याची एकमेव मोठी उणीव. भेंड आणि निर्गुडी फांदी खोचूनही येतात. त्यांना रोपवाटिकेची पायरी चढावी लागत नाही.

हा आडोसा असेल तर नारळ, काजू आणि चिकू यांना जागा आहे. बोगनवेल, खुरचाफा, सदाफुली, कोरफड ही तर थोड्या काळजीवर जगतात. कण्हेरही चालते, मात्र ती विषारी असल्याने गुरे आणि लहान मुले फिरतात तेथे नको. केळ आणि पपई आडोशाशिवाय लावणे म्हणजे पाने फाडून घेण्यासाठीच लावणे होय. उंच वाढलेले देखणे रोप विकत घेण्याचा मोहही टाळावा. हातभर उंचीचे रोप वाऱ्यात लवकर मूळ धरते. खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे, वर कुजलेले खत, बुंध्याशी पाचोळ्याचा थर आणि पाऊस स्थिरावताच लागवड, एवढे केले तरी बरेच साधते.

राहता राहिली हिरवळ. उन्हाळ्यात गवताला रोज किमान पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एक गुंठा हिरवळीला दिवसाकाठी पाचशे लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपेल, आणि वाळूत मुरून जाणारे पाणी वेगळेच. विहिरीतून उपसले तर धोका आणखी मोठा. किनाऱ्याखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते एक मीटर असेल, तर शास्त्रीय हिशेबाने खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी असते. वरची पातळी हातभर उतरली की खालचे खारे पाणी चाळीस हात चढू पाहते. ते शेजाऱ्याच्याही विहिरीत चढते. 1980च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, त्या लढ्यात टँकरने होणारा पाण्याचा उपसा हा कळीचा विषय होता. टँकर त्या वेळी शहराकडे जात. आता तेच पाणी गावातल्या गावात गवतावर उडू लागले, तर विहिरीच्या दृष्टीने त्यात कोणता फरक पडतो?

म्हणून पहिली रांग सार्वजनिक खर्चाने लागली पाहिजे. पुळणीची जमीन ज्या खात्याच्या किंवा संस्थेच्या ताब्यात असेल, त्याने सुरूच्या रिकाम्या जागी पुन्हा केवळ सुरू न लावता उंडी, करंज, भेंड आणि केवडा लावावा. लागून असलेल्या घरमालकांनी भिंतीचे पैसे वाचवून आपापल्या हद्दीवर दुसरी रांग उभी करावी. परवानगी देताना विटांच्या कुंपणाऐवजी झाडांच्या कुंपणाचा आग्रह धरणे ग्रामपंचायतीला किंवा महानगरपालिकेला अशक्य नाही, आणि बुजवलेल्या बावखलांपैकी जी उकरता येतील ती उकरणेही नाही. उंडीचे बी कठीण कवचाचे असते, ते सावकाश रुजते. येत्या पावसाळ्यात लावायची रोपे पावसाळा आल्यावर शोधून मिळणार नाहीत. त्यांच्या पिशव्या त्याआधी कित्येक महिने भरून ठेवाव्या लागतील.