सडा, पोटखराबा आणि परिसंस्था

परिभाषा हा विषय मराठीच्या अध्यापकांनी बहुधा भाषाविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेपुरता आणि विज्ञानाच्या अध्यापकांनी अनुवादाच्या सोयीपुरता मानलेला आहे. त्यामुळे 'इकॉलॉजी'ला परिस्थितिविज्ञान म्हणावे, पारिस्थितिकी म्हणावे की इकॉलॉजीच राहू द्यावे, एवढ्यावर चर्चा थांबते. प्रस्तुत लेखात एक साधे विधान मांडायचे आहे. पर्यावरणविज्ञानाची मराठी परिभाषा ही केवळ इंग्रजी संज्ञांना प्रतिशब्द पुरवण्याची बाब नाही. एखाद्या भूमीला आपण कोणत्या नावाने ओळखतो, यावर त्या भूमीचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या विधानाची परीक्षा घेण्यास पुरेसे आहेत.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यांपैकी पहिली तीन पूर्णतः वा अंशतः आपल्या या दोन जिल्ह्यांत मोडतात. कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे. वर मातीचा थर अगदी पातळ, पावसाळ्यात साचणारी उथळ डबकी आणि उन्हाळ्यात तापणारा कातळ. अशा पठाराला सह्याद्रीतला माणूस 'सडा' म्हणतो. पाटण तालुक्यातील सडावाघापूरच्या नावात हा शब्द आजही जिवंत आहे. सडा म्हटले की दगड, पाणी, गवत आणि ऋतू यांचे एक विशिष्ट नाते डोळ्यांसमोर उभे राहते. शास्त्रज्ञाला 'परिसंस्था' या शब्दाने जे सांगायचे असते, ते हेच.

महसुली दप्तरात मात्र सड्याला जागा नाही. तेथे जमिनीची मुख्य कसोटी लागवडीची. म्हणून जेथे नांगर चालत नाही ती जमीन 'पड' अथवा 'पोटखराबा'. खराबा या शब्दातच निकाल देऊन टाकलेला आहे. भाद्रपदात ज्या कातळावर गेंद, तेरडा, कवला आणि सीतेची आसवे फुलतात, तो कातळ कागदोपत्री 'खराब' असतो. आणि जे खराब आहे त्यावर रस्ता, हॉटेल किंवा खाण आली तर बिघडले काय, हा प्रश्न त्या शब्दातूनच आपोआप निर्माण होतो. शब्द निष्पाप नसतात, हे आपण साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. सातबाराच्या उताऱ्याला मात्र ते लावून पाहत नाही.

दुसरी अडचण नव्याने घडवलेल्या शब्दांची आहे. हे शब्द अवघड असतात, ही तक्रार नेहमीचीच. पण त्याहून गंभीर बाब अशी की त्यांतील काही शब्दांवर आधीच दुसऱ्या कचेरीची मालकी असते. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्र सरकारने पश्चिम घाटासंबंधी अधिसूचनेचा सहावा मसुदा प्रसिद्ध केला आणि हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत दिली. महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात 'पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील' म्हणून दाखवलेले आहे. आता 'संवेदनशील' हा शब्द मराठी वाचकाला दोन ठिकाणी भेटतो. एक, कवीच्या संदर्भात. दोन, पोलीस बंदोबस्ताच्या बातमीत. संवेदनशील गाव म्हणजे जेथे गडबड होण्याचा संभव आहे असे गाव. डोंगरातल्या एखाद्या ग्रामसभेत हा शब्द वाचून दाखवला, तर ऐकणाऱ्याला त्यात 'जपण्याजोगे' हा अर्थ ऐकू येईल की 'नजर ठेवण्याजोगे' हा? विरोधाची कारणे अर्थातच जमिनीची, घराची, पोटाची आहेत; ती शब्दाने निर्माण केलेली नाहीत आणि शब्द बदलल्याने मिटणारही नाहीत. परंतु संवादाच्या पहिल्याच पायरीवर संशय पेरणारा शब्द वापरणे, हे परिभाषेचे अपयशच होय.

'अधिवास' या शब्दाची कथा अधिक बोचरी आहे. जीवशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकात अधिवास म्हणजे प्राण्या-वनस्पतींचे राहण्याचे नैसर्गिक ठिकाण. तहसील कचेरीत अधिवास म्हणजे माणूस या राज्याचा रहिवासी असल्याचे प्रमाणपत्र. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. तेथील गावे उठवली गेली आणि माणसांना इतरत्र वसवण्यात आले. वन्यप्राण्यांचा अधिवास राखण्यासाठी ज्यांचा अधिवास गेला, त्यांना हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात ऐकावे लागले. कोशकाराचा यात काही दोष नाही. पण कोशात शेजारी-शेजारी नांदणारे अर्थ गावात समोरासमोर उभे राहतात, याचे भान परिभाषा घडवणाऱ्याला हवे.

याचा अर्थ घडवलेले शब्द टाकून द्यावेत असा मुळीच नाही. मराठी विश्वकोशाचे काम सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १९७६ मध्ये पहिला खंड निघण्यापूर्वी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला होता. आधी शब्द आणि मग ज्ञान, हा क्रम त्या पिढीने जाणीवपूर्वक स्वीकारला. 'अन्नसाखळी', 'प्रदूषण', 'जैवविविधता' हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. 'प्रदेशनिष्ठ' हा तर इंग्रजी 'एंडेमिक'पेक्षाही बोलका शब्द आहे. जे येथे आहे आणि अन्यत्र कोठेही नाही, ते प्रदेशनिष्ठ. नुसते 'स्थानिक' म्हटले की हा भेद पुसला जातो. कासच्या परिसरातील एका वनस्पतीचे शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस आहे, म्हणजे साताऱ्याची. तिचे मराठी नाव वायतुरा. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा म्हणून वायतुरा, अशी त्याची फोड सांगतात. लॅटिनने आपले गाव घेतले आणि मराठीने इंग्रजीचे अक्षर घेतले. देवाणघेवाण अशी निःसंकोच असावी.

म्हणून वाद संस्कृत विरुद्ध देशी असा नाही. प्रश्न एवढाच की, बोलीत नेमका शब्द असताना आपण त्याच्याकडे पाहतो का? सांगलीच्या पूर्वेला आटपाडी-जत आणि साताऱ्यात माण-खटाव हा कमी पावसाचा पट्टा. इंग्रजी 'ग्रासलँड'साठी आपली पुस्तके 'गवताळ प्रदेश' असा एकच प्रतिशब्द देतात. या पट्ट्यातला माणूस मात्र माळ, कुरण, गायरान आणि बरड असे वेगवेगळे शब्द वापरतो. माळ हे भूरूप आहे, कुरण ही गवत राखण्याची रीत आहे, गायरान ही गावाची सामाईक मालकी आहे आणि बरड हा मातीचा गुण आहे. 'गवताळ प्रदेश' म्हटले की भूगोल उरतो. राखणे आणि वाटून घेणे गळून पडते. मग त्याच माळाला उजाड ठरवून तेथे झाडे लावण्याची मोहीम निघते आणि उघड्या माळावरच जगणाऱ्या पक्ष्याप्राण्यांचा विचार कोणाच्या मनात येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे आपण व्यक्तिचित्रण, प्रादेशिकता, निवेदन अशा अंगांनी विवेचन करतो. माणदेशी लेखनातली माळाची शब्दसंपदा हे पर्यावरणविज्ञानाचे साधन आहे, असे म्हणायला मात्र बिचकतो.

यावर आक्षेप असा येतो की, बोलीतले शब्द तालुक्यागणिक बदलतात आणि शास्त्राला एकरूपता हवी असते. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. ज्या इंग्रजी परिभाषेपुढे आपण मान तुकवतो, तिच्यातील टुंड्रा, तैगा, सव्हाना, कार्स्ट हे शब्द कोणत्या ना कोणत्या प्रदेशाच्या बोलीतून वा नावातून आलेले आहेत. जांभ्याला शास्त्रज्ञ 'लॅटराइट' म्हणतात. तो शब्द फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून घडवला, कारण केरळातील लोक त्या दगडाच्या विटा कापताना त्याने पाहिले होते. आपल्याकडे 'देवराई' या शब्दाने हेच सिद्ध केले. इंग्रजी शोधनिबंधांतही आता देवराई येते. देवराईला जे साधले ते सड्याला का साधू नये?

एका दूरच्या भाषेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. लॅटव्हिया या देशाची एकूण लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या सातारा जिल्ह्याची तीस लाखांवर होती. २००४ मध्ये तो देश युरोपीय संघात गेला आणि पर्यावरणाचे सर्व कायदे लॅटव्हियन भाषेत असणे अनिवार्य झाले. अधिवासासाठी त्यांच्या भाषेत 'जगणे' या धातूपासूनच साधलेला शब्द आहे आणि तो कायद्यात चालतो; जोडीला 'बायोटोप'चे लॅटव्हियन रूपही वापरात आहे. भाषा लहान की मोठी, हा मुद्दा नाही. कायदा त्या भाषेत बोलतो की नाही, हा आहे. कायद्याला गरज पडली की परिभाषा कोशातून उठून कामाला लागते.

आपल्याकडेही तशी एक जागा उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करावयाच्या असतात आणि त्यांत शास्त्रीय नावाबरोबर स्थानिक नावही नोंदवायचे असते. हा रकाना पुस्तकातून उतरवून भरायचा की गुराख्याला, धनगराला, वैदूला, भाजी खुडणाऱ्या बाईला विचारून, यावर त्या वहीची किंमत ठरते. वनस्पती ओळखणे हे वनस्पतिशास्त्राच्या विभागाचे काम. पण शब्द ऐकणे, त्याची अर्थच्छटा पकडणे, शेजारच्या गावातले त्याचे रूप नोंदवणे आणि दोन शब्दांतला भेद राखणे हे मराठी विभागाचे काम आहे. आपले विद्यार्थी याच गावांतून येतात. प्रकल्पासाठी त्यांना आणखी एका कादंबरीतील स्त्रीचित्रण देण्याऐवजी एका माळाचे शब्द द्यावेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद योग्यच आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीचे शब्द सिद्ध करणाऱ्या भाषेने आज बोलले जाणारे शब्दही टिपले पाहिजेत. सडा हा शब्द विस्मरणात गेला तर त्या जागी पोटखराबा आहेच, आणि तो शब्द सातबारावर पक्का आहे.