वेष पाहिला, माणूस पाहिला का?

चातुर्मासात व्यापारी घरांतील दिवसाचा क्रम बदलतो. सूर्यास्तापूर्वी चौविहार होतो, वडीलधारी मंडळी प्रतिक्रमणाला बसतात आणि स्वयंपाकघर लवकर आवरल्यामुळे रात्रीचे दोन-तीन तास मोकळे राहतात. लातूरच्या गंजगोलाईतील एका कापड व्यापाऱ्याच्या कन्येने, सी.ए.च्या अभ्यासातून उसंत काढून, पावसाळ्यातील हे तास जपानी मालिकांना दिले. तत्पूर्वी दोन वर्षे ती कोरियन मालिका पाहत असे. जपानशी तिची ही पहिलीच ओळख होती. आधीच्या पिढीतील मराठी वाचकाला जपान भेटला तो पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मधून, या पिढीला तो मोबाइलच्या पडद्यावर, इंग्रजी उपशीर्षकांसह भेटतो, एवढाच फरक.

तिच्या मनावर पहिला ठसा उमटला तो मालिकांच्या आटोपशीरपणाचा. जपानी वाहिन्यांचे वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार हंगामांत विभागलेले असते. बहुतेक मालिका एका हंगामात, आठवड्याला एक भाग याप्रमाणे दहा-अकरा भागांत संपतात. ‘एनएचके’ ही सार्वजनिक वाहिनी 1961 पासून सकाळी छोट्या भागांची मालिका दाखवत आली आहे. तांदळाच्या मोबदल्यात लहानपणीच चाकरीला धाडलेल्या आणि पुढे दुकानांची मालकीण झालेल्या स्त्रीची ‘ओशिन’ ही त्याच परंपरेतील. 1983-84 मध्ये वर्षभर चाललेल्या या मालिकेचे 297 भाग झाले आणि ते तेथे दीर्घ मानले गेले. आपल्याकडे तेवढ्या भागांत सासू-सुनेचे पहिले भांडणही मिटत नाही, असे त्या कन्येने घरात म्हणताच आजी-आजोबांसह सारे हसले.

दुसरा ठसा शांततेचा. दाराआडून ऐकणारी सून नाही, एकच चेहरा तीन-तीन वेळा दाखवणे नाही, ढोल-झांजांचा कल्लोळ नाही. माणसे वाकून नमस्कार करतात, चहा ठेवतात आणि बोलायचे ते बहुधा बोलत नाहीत. आरंभी हे संथ वाटते. दोन-तीन भागांनंतर डोळ्यांना त्याची सवय होते आणि न बोललेलेच अधिक ऐकू येऊ लागते.

ही शांतता सर्वांत गोड वाटते ती ‘द मकनाई’ या जानेवारी 2023 मध्ये आलेल्या नऊ भागांच्या मालिकेत. ‘शॉपलिफ्टर्स’ या चित्रपटासाठी 2018 साली कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक मिळवणारे हिरोकाझू कोरे-एदा हे तिचे सूत्रधार. उत्तरेकडील आओमोरी भागातील कियो आणि सुमिरे या दोन सोळा वर्षांच्या मैत्रिणी पारंपरिक नृत्यकलेचे शिक्षण घेण्यासाठी क्योतोला येतात. सुमिरे कलेत चमकते. कियोला नृत्य जमत नाही. तिला परत पाठवण्याचे ठरते, पण तेवढ्यात त्या घराच्या स्वयंपाकाची जबाबदारी तिच्याकडे येते आणि ती त्यात मनापासून रमते. तिला स्वतःचा पराभव वाटत नाही, मैत्रिणीचा हेवा वाटत नाही.

लातुरात ही कथा वेगळ्याच तऱ्हेने भिडते. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी गावोगावची मुले या शहरात येऊन राहतात. त्यांतील काही वैद्यकीय वा अभियांत्रिकीची पायरी चढतात. उरलेल्यांच्या वाट्याला ‘राहिला’ एवढा एक शब्द येतो. कियो राहत नाही, ती केवळ दुसऱ्या दालनात जाते. ज्या घरांत मुलाच्या गुणपत्रिकेवरून पंगतीत विषय निघतात, त्या घरांनी ही मालिका मुलांसह पाहावी.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. जपानी स्वयंपाकाच्या बहुतेक रश्श्यांच्या मुळाशी वाळवलेल्या माशाचा अर्क असतो आणि पडद्यावर मासे वारंवार येतात. जैन घरातील प्रेक्षकाला ते क्लेशदायक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच देशातील बौद्ध मठांत ‘शोजिन र्योरी’ नावाची शाकाहारी पाकपरंपरा शतकानुशतके चालत आली आहे. तिच्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य आहेत आणि रश्शाचा अर्क समुद्री शेवाळ व वाळवलेल्या अळंबीपासून काढतात. अळंबी आपल्याला चालत नसली, तरी कांदा-लसूण वर्ज्य करणारे लोक जपानातही आहेत, हे कळल्यावर परकेपणाचा एक पडदा नक्कीच दूर होतो.

मौनाची दुसरी बाजू जानेवारी 2025 मधील ‘असुरा’ या सात भागांच्या मालिकेत दिसते. शब्द आपलाच, बौद्ध धर्माबरोबर संस्कृतातून जपानला गेलेला. कुनिको मुकोदा यांच्या 1979 च्या गाजलेल्या कथेवर कोरे-एदा यांनी ती नव्याने केली आहे. वृद्ध वडिलांचा दुसरा संसार आहे हे चार बहिणींना कळते आणि आईला दुखवू नये म्हणून त्या गप्प राहतात. आईला ते आधीपासूनच ठाऊक असते. साऱ्या घराला माहीत असलेली गोष्ट कोणीच उच्चारत नाही आणि त्या शिष्टाचारात एक स्त्री आतल्या आत झिजते.

परंतु ज्या मालिकेने त्या घरातील एक व्यवहार बदलला, ती तिसरीच. जुलै 2024 मध्ये आलेली ‘टोकियो स्विंडलर्स’. को शिंजो यांच्या कादंबरीवर आधारित, हितोशी ओने यांनी दिग्दर्शित केलेली सात भागांची ही मालिका मुलांबरोबर बसून पाहण्यासारखी नाही. तिच्यातील हिंसा आणि काही दृश्ये लक्षात घेता पालकांनी हे ध्यानात ठेवावे. विषय मात्र प्रत्येक व्यापारी घराने समजून घ्यावा असा आहे. जमिनीचा खरा मालक पडद्याआड आहे, एकटा आहे, फारसा कोणाला भेटत नाही, असे पाहून टोळी एक तोतया मालक उभा करते. त्याला जन्मतारीख, घरचा पत्ता, नात्यागोत्याची माहिती पाठ करवून घेतली जाते. ओळखपत्रे आणि शिक्के बनावट तयार होतात. मग सौजन्याने ओथंबलेल्या बैठकीत, चहाच्या साक्षीने, कोट्यवधींचा सौदा होतो.

टोळीचा सर्वांत मोठा डाव एका मंदिराच्या जमिनीवर असतो. तिची मालकीण भिक्षुणी आहे. तेव्हा टोळी एका स्त्रीचे मुंडण करून, तिला भिक्षुणीचा वेष चढवून खरेदीदारासमोर बसवते. ज्या समाजात दीक्षा आणि केशलोच यांच्यापुढे लक्षाधीशही मस्तक झुकवतो, त्या समाजातील प्रेक्षकाच्या अंगावर या प्रसंगाने काटा येतो. वेषाला वंदन करण्याची सवय चांगली. परंतु त्या सवयीचाच गळ करणारी माणसेही जगात असतात.

ही कल्पनेची भरारी नव्हे. 2017 मध्ये टोकियोतील एका जुन्या, बंद पडलेल्या निवासगृहाच्या जमिनीचा सौदा जपानमधील एका अग्रगण्य गृहबांधणी कंपनीने 7 अब्ज येनांना केला. समोर बसलेली मालकीण तोतया होती. नोंदणी कार्यालयाने कागद फेटाळले तेव्हा सुमारे साडेपाच अब्ज येन गेलेले होते. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी, की ‘ही स्त्री मालकीण नव्हे’ अशी पत्रे व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच कंपनीकडे आली होती. कोणीतरी सौदा मोडण्यासाठी खोडसाळपणा करीत आहे, असे मानून ती बाजूला ठेवली गेली. निष्णात अधिकारी आणि कायदेपंडित पदरी असूनही हे घडले, कारण जमीन मोक्याची होती, दुसरे गिऱ्हाईक ती पळवील अशी धास्ती होती आणि वरिष्ठांना सौदा हवा होता. फसवणाऱ्याची माया एकटी पुरत नाही. फसणाऱ्याचा लोभ आणि घाई तिला हात देतात.

पर्युषणापूर्वी ही कन्या अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला आपल्या आजोळी गेली. वजिराबादेतील त्या घरात, मालिकेतील वाईट भाग गाळून, तिने ही कथा नानीला सांगितली. नानीने ती माळ बाजूला ठेवून ऐकली आणि मग विचारले, “बेटा, तुझ्या पप्पांनी औसा रोडच्या प्लॉटचा इसार दिला का?”

दिला नव्हता, पुढच्या आठवड्यात द्यायचा होता. भूखंड एका वृद्ध, अपत्यहीन विधवेचा. तिच्या पुतण्याकडे मुखत्यारपत्र होते. सातबारा पाहून झाला होता, दर ठरला होता पंचावन्न लाख.

“आणि त्या बाईंना पाहिलं कोणी?”

कोणीच पाहिले नव्हते. त्या नांदेडातच राहत होत्या, एवढे मात्र माहीत होते.

जावयाला दूरध्वनी गेला. त्यांना संकोच वाटला. पुतण्या ओळखीतला, चार समारंभांत भेटणारा. “असं विचारणं बरं दिसत नाही,” ते म्हणाले. नानीने उत्तर दिले, “जावईबापू, सोन्याला कस लावला म्हणून सोनार रुसत नाही. रुसला, तर मग कस लावायलाच हवा.”

रविवारी जावई नांदेडला आले. नानीला बरोबर घेऊन ते त्या बाईंच्या घरी गेले. बाई खऱ्या होत्या, मुखत्यारपत्रही खरे होते. विकायची इच्छाही त्यांची स्वतःचीच होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि उरलेल्या आयुष्याची सोय एवढेच त्यांना हवे होते. तोतया येथे कोणीच नव्हते. केवळ बोलता बोलता त्या म्हणाल्या, “पस्तीस लाख म्हणजे खूप झाले हो, तेवढे मला पुरतील.”

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. आपण फसू नये, एवढ्याच हेतूने ही मंडळी गेली होती. न जाते, तर त्यांचा एक पैसाही बुडाला नसता. कागद निर्दोष, ताबा निर्वेध, नोंदणी रीतसर. बुडाले असते ते एका वृद्धेचे वीस लाख, त्यांच्याच हातून, त्यांच्या नकळत.

नानी रोज सायंकाळी प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आलोवते. चोरीचा माल घेणे आणि चोरास साहाय्य करणे हे त्यांतील पहिले दोन. शेवटचा ‘तप्पडिरूवगववहारे’, म्हणजे खऱ्याच्या जागी त्यासारखे दिसणारे खोटे ठेवून केलेला व्यवहार. टोकियोतील टोळीचा उद्योग या एका शब्दात मावतो. मात्र पहिले दोन अतिचार टोळीसाठी सांगितलेले नाहीत, ते सभ्य गिऱ्हाइकासाठी आहेत. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर न्यायालयात चालेल कदाचित. प्रतिक्रमणात ते स्वतःलाच द्यावे लागते.

व्यवहार पुढे पूर्ण झाला. बाईंना दुय्यम निबंधक कार्यालयात मोटारीने आणण्यात आले. सही त्यांनी स्वतः केली आणि पंचावन्न लाखांची पूर्ण रक्कम थेट त्यांच्या खात्यात जमा झाली. पुतण्या त्यानंतर समारंभांत दिसला की मान वळवतो. तेवढी किंमत पडली.

यातून घ्यावयाची शिस्त मोठी अवघड नाही. सातबारा अथवा मालमत्ता पत्रक पाहावे. गेल्या तीस वर्षांच्या हस्तांतरणांचा शोध वकिलाकडून घ्यावा. वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि आलेली हरकत कितीही क्षुल्लक भासली तरी तिची चौकशी करावी. मुखत्यारपत्र हे मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. ते देणारी व्यक्ती निवर्तली, तर सामान्यतः ते संपुष्टात येते. म्हणून ती व्यक्ती हयात आहे ना आणि तिला दर ठाऊक आहे ना, हे तिच्या तोंडून ऐकावे. रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत, मालकाच्याच खात्यात द्यावी. ‘आजच द्या, दुसरे गिऱ्हाईक बसले आहे’ असे कोणी म्हणाले, तर ते गिऱ्हाईक खुशाल पुढे होऊ द्यावे.

कन्या आता पुन्हा अभ्यासाला लागली आहे. परीक्षा झाल्यावर पुढची जपानी मालिका कोणती पाहावी, याची यादी तिने करून ठेवली आहे. नानीने तिला एकच अट घातली आहे: कथा नांदेडला येऊन सांगायची, आणि मासे तेवढे गाळायचे.